हिरव्या चौकटीबाहेरचा सह्याद्री

मराठी निसर्गछायाचित्रणात आज तंत्राची वानवा नाही. अंधुक उजेडातही तपशील टिपणारे कॅमेरे आहेत, ड्रोन आहेत, आणि शनिवारी गडावर मुक्काम करून सोमवारी कामावर हजर होणारी हौशी मंडळी व्यावसायिकांच्या तोडीचे काम करताहेत. तरीही प्रदर्शने आणि दिनदर्शिका पाहिल्या, तर सह्याद्रीत वर्षाचे चारच महिने असतात असे वाटावे. धुके, धबधबे, कासची फुले, थंडीतला एखादा सूर्योदय आणि मग थेट पुढचा जून. दिनदर्शिकेत मे महिन्याच्या पानावरही ऑगस्टचा धबधबाच असतो.

हे मला या कलेचे आजचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. सह्याद्री हा मुळात दगडाचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. ते डोळ्यांनी मोजता येतात ते गवत वाळल्यावर. पावसात ही सगळी बांधणी हिरवाईखाली आणि ढगाआड जाते. उजेडाचेही तसेच. उत्तरेकडे तोंड असलेले कडे हिवाळाभर सावलीत राहतात. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो, पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, तेव्हा कुठे त्यांच्यावर सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन पडते आणि कातळाची प्रत्येक खाच उठून दिसते. जूनमध्ये तेच ऊन ढगात अडकते. एप्रिल-मे टाळणाऱ्याला डोंगराची एक अख्खी बाजू उजेडात कधी दिसतच नाही.

उन्हाळ्यात काम अवघड असते, हे खरे. हवा धुरकट, दुपारी सूर्य थेट डोक्यावर, वणव्यांनी काळे पडलेले उतार. पण त्या काळ्या उतारावर निष्पर्ण पांगारा पेटलेला असतो, काटेसावर फुललेली असते. हे रंग संगणकावर गडद करावे लागत नाहीत. हिरव्याचा भडकपणा मात्र आता इतका अंगवळणी पडलाय, की खरे पोपटी गवतही फिके वाटू लागले आहे.

२०१२मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचे पठारही आहे. तिथली बहुतेक चित्रे फुलांनी काठोकाठ भरलेली असतात. ही फुले ज्यामुळे तिथे तग धरतात तो जांभ्याचा कातळ आणि त्यावरचा मातीचा विरळ थर क्वचितच दिसतो. त्याच जागेवरून सप्टेंबर आणि एप्रिलमध्ये काढलेली दोन चित्रे शेजारी लावली, तर पठार समजेल.

उंचीवरून पाहण्याची गोडी लावण्यात उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. हवाई चित्रांमुळे माच्या, सोंडा, तटबंदीची वळणे एका नजरेत आली. ड्रोनवाल्यांनी त्यातली उंची उचलली, गडाची जागा समजून घेण्याची दृष्टी फारशी उचलली नाही. २०२५मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. ती नोंद मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाची आहे, एकट्या तटाबुरुजांची नव्हे. तेव्हा गड कोणत्या घाटवाटेवर नजर ठेवतो, पाणी कुठे साठवतो, हेही चौकटीत यायला हवे.

आणि माणसेही. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या खोऱ्यात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स वर्षानुवर्षे, भर हिवाळ्यातही, परतत राहिले. त्यांची ती चिकाटी आपण घेतली नाही, माणसांविना दिसणारा निसर्ग मात्र घेतला. आपल्या डोंगरात तो लागू पडत नाही. इथे गवत कापणाऱ्या बायका आहेत, गुराखी आहेत, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढणाऱ्या वाड्या आहेत. छायाचित्रकार त्यांच्याच घरी पिठले-भाकरी खातो, त्यांनीच दाखवलेल्या वाटेने कड्यावर पोहोचतो आणि ते चौकटीतून बाजूला होईपर्यंत थांबतो.