क्रॉन्कहिल : चित्रसदृश वास्तुकलेचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रास्ताविक

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील क्रॉन्कहिल हा व्हिला वास्तुविशारद जॉन नॅश (१७५२–१८३५) यांनी सुमारे १८०२ मध्ये आखला. इंग्लंडमधील इटालियन धाटणीच्या व्हिलांचा आरंभ सामान्यतः या वास्तूपासून मानला जातो. ‘पिक्चरेस्क’, म्हणजेच चित्रसदृशतेच्या संकल्पनेचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख वारंवार होतो. मात्र तो बहुधा तिच्या देखणेपणापाशीच थांबतो. या देखणेपणामागे वास्तुविचार कोणता, आणि तो कोणते सामाजिक वास्तव दृष्टीआड करतो, या दोन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वैचारिक पार्श्वभूमी

एडमंड बर्क यांनी १७५७ मध्ये ‘सुंदर’ आणि ‘उदात्त’ असा भेद मांडला. युव्हडेल प्राइस यांनी १७९४ मध्ये त्यांच्या जोडीला ‘चित्रसदृश’ ही तिसरी कोटी ठेवली. खडबडीतपणा, आकस्मिक बदल आणि अनियमितता ही तिची लक्षणे होत. रोमच्या परिसरातील निसर्ग रंगविणाऱ्या क्लोद लोरें यांची चित्रे या रसिकांना आदर्शवत वाटत. नॅश यांनी प्राइस यांच्यासाठी ॲबरिस्टविथ येथे समुद्राकाठी त्रिकोणी आराखड्याचे घर बांधले होते, तसेच उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन यांच्याशी काही काळ भागीदारीही केली होती. त्यामुळे हा विचार त्यांच्यापर्यंत केवळ ग्रंथांतून आला नव्हता.

वास्तूचे स्वरूप

एक गोल मनोरा, त्याच्या तोलाचा चौकोनी भाग, कमानीदार ओसरी, उतरते छप्पर आणि भिंतींबाहेर बरीच पुढे आलेली वळचण अशी क्रॉन्कहिलची रचना आहे. दर्शनी भागाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. तरीही एकूण रचनेचा तोल ढळत नाही. हा तोल मोजपट्टीने नव्हे, तर डोळ्याने साधलेला आहे.

येथेच तिचे खरे महत्त्व आहे. पल्लाडिओच्या परंपरेतील घरात मध्यवर्ती दाराच्या दोन्ही बाजूंना समान खिडक्या असाव्या लागत; परिणामी आतील खोल्यांना बाहेरच्या सममितीपुढे नमते घ्यावे लागे. अनियमितता एकदा मान्य झाली की उपयोग, प्रकाश आणि दृश्य यांनुसार खोलीची जागा ठरविता येते. म्हणूनच चित्रसदृशतेला निव्वळ सजावट ठरविणारी टीका अपुरी वाटते.

मर्यादा

तथापि हे घर कोणासाठी बांधले गेले, हेही पाहावयास हवे. येथील रहिवासी फ्रान्सिस वॉलफर्ड हे ॲटिंगहॅमचे धनी लॉर्ड बेरविक यांच्या जमीनजुमल्याचे कारभारी होते. इटलीतील शेतघराचा आकार येथे आला, पण शेतकरी मात्र आला नाही. ज्या घरातून इस्टेटीचा कारभार पाहिला जाई, त्याला ग्रामीण साधेपणाचे रूप मिळाले. पुढे १८१०–११ मध्ये नॅश यांनी ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट येथे जॉन हार्फर्ड यांच्या इस्टेटीवरील निवृत्त सेवकांसाठी नऊ कुटिरे बांधली. त्यातील एकही दुसऱ्यासारखे नाही. वृद्ध सेवकांना हक्काचा नसला तरी निवारा लाभला, हे मान्य करावे लागेल. पण त्याच वेळी ते स्वतः इतरांनी पाहावयाच्या दृश्याचा भाग बनले. या सौंदर्यदृष्टीची आर्थिक बाजूही दुर्लक्षिता येत नाही : खर्चिक वृत्तीच्या याच लॉर्ड बेरविक यांच्यावर १८२७ मध्ये ॲटिंगहॅममधील वस्तूंचा लिलाव होण्याची वेळ आली.

समारोप

ही धाटणी पुढे ऑस्बर्न हाउससारख्या (१८४५–५१) राजनिवासापर्यंत पोहोचली आणि साम्राज्याबरोबर आपल्याकडेही आली. पुण्यात गणेशखिंडीत १८६४ ते १८७१ या काळात गव्हर्नरांसाठी बांधलेली, उंच मनोऱ्याची इटालियन धाटणीची इमारत आज विद्यापीठाची मुख्य वास्तू आहे. कारभाऱ्याच्या घराला सौम्यता देणारा मनोरा येथे सत्तेची खूण ठरला, आणि पुढे त्याच वास्तूला विद्येचे अधिष्ठान लाभले. आकाराचा अर्थ आकारात कायमचा कोरलेला नसतो. तो वापराने बदलतो. म्हणून अशा वास्तूंचे अध्यापन करताना दर्शनी भागाच्या छायाचित्राबरोबर आराखडा आणि मालकीचा इतिहासही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. चित्रसदृशतेने घराला मोकळेपणा दिला. तो मोकळेपणा कोणाच्या वाट्याला आला, हे विचारणे समीक्षेचे काम होय.