यंत्रशोधकाची परीक्षा

कागद शोधून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें, ज्यांस सध्यां एजंट म्हणतात, तीं संशोधकाच्या बैठकीपर्यंत येऊन पोंचलीं आहेत. आपण प्रश्न घालावा. यंत्रानें शोधशब्द आपणच ठरवावे, कागद चाळावे, एकावरून दुसऱ्याचा माग काढावा आणि पुरें वाटेल तेथें थांबून उत्तर द्यावें, अशी त्यांची रीत आहे. हें कसब मोजण्याकरितां अमेरिकेंतील ओपनएआय ह्या कंपनीनें एप्रिल २०२५ मध्यें ‘ब्राउझकॉम्प’ नांवाची १,२६६ प्रश्नांची मालिका प्रसिद्ध केली. तींतील गुणांवरून यंत्राची लायकी ठरविण्याकडे पुष्कळांचा कल दिसतो. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकास ती कितपत उपयोगी, ह्याचा विचार येथें करीत आहों.

मालिकेचा गुण प्रथम सांगितला पाहिजे. प्रश्न खरोखरच अवघड आहेत. रचनाकारांनीं आधीं एखादी गोष्ट हातीं घेऊन तिच्यावरून उलट दिशेनें प्रश्न बांधला. उत्तर शोधण्यास कठीण, पण सांपडल्यावर ताडून पाहण्यास सोपें असावें, असा कटाक्ष ठेविला. माणसांस बसविलें तेव्हां त्यांसही शेंकडा तिसांहून कमीच प्रश्न सुटले. चिकाटीची पारख म्हणून ही मालिका चांगली आहे, ह्यांत शंका नाहीं.

परंतु एक उत्तर मिळविणें आणि एका विषयाचे सगळे कागद मिळविणें हीं कामें निराळीं होत. लांब उत्तराचे प्रश्न आपण बाजूस ठेविले, असें कर्त्यांनींच कबूल केलें आहे. आमचें काम बहुधा त्या बाजूस ठेविलेल्या भागांतच पडतें.

ह्या बाबतींत ब्लेअर व मॅरन ह्यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलेली परीक्षा आमच्या मतें अजून डोळ्यांपुढें ठेवण्यासारखी आहे. एका अपघाताच्या खटल्यांतील सुमारें ४०,००० लेख, म्हणजे साडेतीन लाख पृष्ठें, संगणकांत भरलीं होतीं. वकिलांची समजूत अशी कीं, हवे असलेल्या कागदांपैकीं तीन चतुर्थांश आपल्या हातीं आले. प्रत्यक्षांत सरासरी एक पंचमांशच आले होते. जे आले ते बहुतेक उपयोगी होते. म्हणूनच राहिलेल्यांचा संशय कोणास आला नाहीं. कारण पाहूं गेल्यास साधें होतें. ज्यांचा त्या अपघाताशीं प्रत्यक्ष संबंध, त्यांनीं आपल्या लिहिण्यांत ‘अपघात’ हा शब्दच टाळून ‘प्रसंग’, ‘अडचण’ असे मोघम शब्द योजिले होते.

आजचीं यंत्रें शब्दापलीकडचा अर्थही जाणतात, असें कोणी म्हणेल, व तें बऱ्याच अंशीं खरें आहे. तथापि पानिपतचा संहार कळविणारा म्हणून जो निरोप परंपरेनें सांगितला जातो, त्यांत मोत्यें व मोहरा गमावल्याची सावकारी भाषा आहे; रणाचें नांवही नाहीं. दुसऱ्या एखाद्या पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ एवढाच सन असावयाचा. तो १७६०-६१ चा, हें ज्यास कळत नाहीं त्याच्या हातून तें पत्र सुटलेंच. शिवाय मोडींतून बाळबोधींत न उतरलेला रुमाल यंत्राच्या दृष्टीस बहुधा पडतच नाहीं. आणि यंत्र तें आपण होऊन सांगेलच असें नाहीं.

आमचा मुख्य आक्षेप मात्र पुढेंच आहे. ब्राउझकॉम्पमधील प्रत्येक प्रश्नास उत्तर आहे, कारण प्रश्न उत्तरापासूनच जन्मला. ‘सांपडलें नाहीं’ असें म्हणण्याची पाळी यंत्रावर न्यायानें येतच नाहीं. कंपनीच्याच कोष्टकांत जीपीटी-फोर-ओ ह्या यंत्रास जाळ्यावर शोधण्याची मुभा दिल्यावर बरोबर उत्तरें शेंकडा ०.६ वरून १.९ वर गेलीं, पण आपल्या उत्तराविषयींचा त्याचा विश्वास वस्तुस्थितीपासून अधिकच दूर गेला. शोधण्यास शिकलें आणि चुकीविषयींची शंका गमावून बसलें, असा हा प्रकार! संशोधकांतही असे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

‘येवढ्या कागदांत नाहीं’ आणि ‘नाहींच’ ह्यांतील अंतर शिवजन्मतिथीच्या वादानें महाराष्ट्रास चांगलें शिकविलें आहे. बखरींच्या आधारें शके १५४९ हें वर्ष रूढ होतें. १९१६ सालीं टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथि निघाली. पुढें शिवभारतानें व जोधपूरकडील जन्मकुंडलीनें तीस दुजोरा दिला. त्यापूर्वींच्या साधनांवर असें यंत्र सोडलें असतें, तर त्यानें बखरींची संख्या पुढें करून निश्चित उत्तर दिलें असतें. साक्षी अनेक दिसतात, पण त्या एकमेकींवरून उतरलेल्या असूं शकतात. ही छाननी गुणसंख्येंत कोठेंच मोजली जात नाहीं.

तेव्हां परीक्षा घ्यावयाची तर मर्यादित दफ्तरावर घ्यावी. सरदेसायांनीं संपादिलेले पेशवे दफ्तराचे ४५ भाग छापील आहेत. त्यांतील एक घ्यावा. दोघां जाणत्यांनीं परस्परांस न विचारतां एका विषयाच्या सर्व लेखांकांची यादी हातानें करावी, व मग यंत्रास तोच विषय द्यावा. कांहीं प्रश्न मुद्दाम असे घालावे कीं, त्यांवर त्या भागांत एकही पत्र नसावें. उत्तराबरोबर कोणते शोधशब्द घातले, कोणते लेखांक वाचले, कोणते वगळले व कां थांबलें, ह्याची टिपणी यंत्राकडून मागून घ्यावी, आणि गुण त्या टिपणीसही द्यावे.