गॅसचं वजन काट्यावर येत नाही

मार्च 2019 चा ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ वाचायला घ्याल तेव्हा एक प्रश्न मनात ठेवा: यंत्राला शेवटचा हात कोण लावतो? आराखडा महत्त्वाकांक्षी आहे. 2037-38 पर्यंत रेफ्रिजरंटची मागणी 25 ते 30 टक्क्यांनी कमी करायची, 2022-23 पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं. चालू एसीच्या दुरुस्तीपुरतं हे ठीकच. माझा आक्षेप त्यापुढच्या टप्प्याबद्दल आहे.

बुलढाणा जिल्हाच घ्या. घाटाखाली, मलकापूर-खामगावकडे, उन्हाळा कडक. कूलरच्या जोडीला एसी आलेत. (पाण्याच्या कूलरमध्ये हा गॅस नसतो, सर्वेक्षणात दोन्ही एका रकान्यात टाकू नका.) निकामी फ्रिज तंत्रज्ञाकडे नाही, भंगारात जातो. तिथे तांब्याची नळी कापली, कॉम्प्रेसर सुटा केला, की गॅस फुस्सकन हवेत. एक लाखाच्या हिशेबात हा कापणारा माणूस बसतच नाही.

ई-कचरा नियम, 2022 कडे वळलो तरी तेच. उत्पादकांची जबाबदारी ज्या प्रमाणपत्रांनी मोजतात, ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड किती परत मिळालं यावर बेतलेली. 2023 च्या दुरुस्तीत रेफ्रिजरंटच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा उल्लेख आला, हे चांगलंच. पण प्रमाणपत्राचं गणित धातूंचं असेल, तर गॅस वाचवणाऱ्याला मिळणार काय?

आणि हा गॅस किरकोळ नाही. आयपीसीसीच्या चौथ्या अहवालाचे आकडे घेतले तर एक किलो आर-22 म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे 1,810 किलो कार्बन डायऑक्साइड. फ्रिजमधला 100 ग्रॅम आर-134ए म्हणजे 143 किलो. (कोणता अहवाल वापरला ते लिहाच, पुढच्या अहवालांत आकडे बदललेत.)

तो काढायला रिकव्हरी मशीन लागतं, दाब सोसणारा सिलिंडर लागतो. सिलिंडर 80 टक्क्यांच्या वर भरायचा नाही, कारण उन्हात द्रव फुगतो. दोन जातींचे गॅस एकत्र करायचे नाहीत. झालेलं मिश्रण पुन्हा शुद्ध करणं फार अवघड. नव्या फ्रिजमधला आर-600ए तर पेट घेणारा, त्याला साधं मशीन चालत नाही. शिवाय जुन्या फ्रिजच्या भिंतीतला फोम सीएफसी-11 ने फुगवलेला असे. त्यातला गॅस नळ्यांमधल्यापेक्षाही जास्त असू शकतो, आणि तो मशीनने ओढून निघत नाही; फोम बंदिस्त यंत्रात दळावा लागतो. एवढा खटाटोप भंगारवाल्याने शंभर ग्रॅमसाठी का करावा? प्रबंधाच्या शेवटी आपण ‘जनजागृती आवश्यक’ लिहून मोकळे होतो, ते इथे कामाचं नाही. त्याला माहिती कमी पडत नाहीये, भाव कमी पडतोय.

म्हणून अभ्यास करायचा तर भावाचा करा. अखंड फ्रिज आणि कापलेला फ्रिज यांच्या खरेदीदरात किती फरक ठेवला, तर नळी न कापता तो पुढे जाईल? गॅसचा प्रकार आणि वजन नेमप्लेटवर असतं, ते टिपून घ्या. पण तो कारखान्यात भरलेला गॅस. वापरात काही गळून गेलेला असू शकतो. तो आकडा कमाल मर्यादा म्हणूनच धरा.