चौथ्या वर्षीचा सारा

२००१ मध्ये 'लगान' आमच्या तालुक्याच्या थिएटरात लागला, तेव्हा मी आजोबांना घेऊन गेलो होतो. तलाठी म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. सिनेमाचं त्यांना फारसं प्रेम नव्हतं. पण शेतसाऱ्यावर कुणी पावणेचार तासांचा सिनेमा काढलाय, एवढं कानावर गेल्यावर ते स्वतःहून टोपी घालून तयार झाले. शेवटच्या षटकाराला थिएटर डोक्यावर घेतलं गेलं. शिट्ट्या झाल्या, पैसे उडाले. आजोबाही हसत होते. बाहेर पडून चप्पल नीट करता करता त्यांनी विचारलं, "तीन वर्षं माफ केला म्हणतोस. मग चौथ्या वर्षी?"

मला तेव्हा हा प्रश्न अरसिक वाटला. आयुष्यभर दप्तर सांभाळलेल्या माणसाला सिनेमातही दप्तरच दिसायचं, असं मी मनाशी म्हटलं. आता मात्र वाटतं, की पडद्यावर कर आणि कर वसूल करणारा दिसला, की विचारण्यासारखा खरा प्रश्न तोच आहे.

कथेला कर फार सोयीचा असतो. शत्रुत्वाचं कारण शोधत बसावं लागत नाही. एक माणूस येतो, दुसऱ्याच्या घामाचं काहीतरी मागतो आणि त्याच्यामागे सत्ता उभी असते. नाट्याला लागणारं सगळं पहिल्याच दृश्यात हजर. म्हणून रॉबिन हूडच्या गोष्टीपासून आजच्या धाडपटांपर्यंत ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरली जाते. अडचण पुढे येते. कथेला हवी असते एक घटना, एक दिवस, एक चेहरा. कर मात्र दरवर्षी येतो, अनेकांत वाटला जातो आणि त्याला चेहरा नसतो. कथेच्या सोयीसाठी कराचा हा स्वभाव कापून टाकला, की हाती काय उरतं, हे 'लगान'मध्ये स्वच्छ दिसतं.

आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा मला आजही आवडतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. साल १८९३, गाव चंपानेर, पावसाचा पत्ता नाही. सुरुवातीच्या निवेदनात व्यवस्था सांगितली जाते : शेतकरी पिकाचा हिस्सा राजाला देतात आणि राजाकडून तो इंग्रजांकडे जातो. मग कॅप्टन रसेल लगान दुप्पट करतो. कारण काय, तर शाकाहारी राजा त्याच्या आग्रहाखातर मांस खायला नकार देतो. इथे पटकथेने फार मोठी गोष्ट हळूच केली आहे. ब्रिटिश महसुलाची क्रूरता होती ती तिच्या नियमितपणात. मोजणी, प्रतवारी, ठरावीक आकार, ठरावीक हप्ता. पीक बुडालं तरी तारीख तीच. सिनेमात ती एका माजोरी अधिकाऱ्याची लहर होते. लहरीविरुद्ध पैज लावता येते, हप्त्याविरुद्ध लावता येत नाही.

पैज अशी : जिंकलात तर तीन वर्षं माफी, हरलात तर तिप्पट. गाव जिंकतं. पण शेवटचं निवेदन नीट ऐकलं तर लक्षात येतं, की लगान रद्द झालेला नाही. तिप्पट लगान रसेलला स्वतः भरावा लागतो आणि त्याची बदली आफ्रिकेत होते. म्हणजे सरकारी वही शेवटपर्यंत जुळलेलीच राहते. रक्कम भरली गेली, फक्त भरणारा बदलला. छावणी उठते, राजा मात्र जागेवर असतो आणि पिकाचा हिस्सा मागण्याचा त्याचा हक्कही. आजोबांचा प्रश्न नेमका या जागेवर बोट ठेवत होता.

आणखी एक माणूस चंपानेरमध्ये दिसत नाही, तो म्हणजे सावकार. दख्खनमध्ये रयतवारीचा सारा रोखीत भरावा लागे. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, कापसाचे चढे भाव कोसळले आणि त्याच सुमारास फेरपाहणी होऊन साऱ्याचे दर वाढले. रोकड आणायची तर सावकाराच्या ओट्यावर जाण्यावाचून मार्ग नव्हता. मे १८७५ मध्ये सुप्यात आणि नंतर पुणे-नगरच्या गावागावांत शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी जाळली ती सावकारांची खतं आणि वह्या. सारा मागणारा दूर होता. त्याच्या मागणीतून जन्माला आलेलं कर्ज मात्र गावातच राहत होतं. आपल्या सिनेमाने या साखळीची दोन टोकं दोन वेगळ्या गोष्टींत ठेवली. 'मदर इंडिया'तला सुखीलाला कर्ज वसूल करतो, 'लगान'मधला रसेल सारा. दोघांमधला धागा कुणी जोडत नाही, कारण तो जोडला की खलनायक एक माणूस राहत नाही.

अपवाद आहे, आणि तो 'लगान'च्या आधीचा आहे. केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' १९८७ मध्ये आला, स्मिता पाटील गेल्यानंतर काही आठवड्यांनी. चुनीलाल मडिया यांच्या गुजराती कथेवर तो बेतलेला आहे. नसीरुद्दीन शाहचा सुभेदार सारा गोळा करायला येतो आणि गावाबाहेर तळ ठोकतो. सोबत घोडे, शिपाई आणि एक ग्रामोफोन. नदीवर त्याची गाठ सोनबाईशी पडते. जनावरं पाणी पितात ती जागा पलीकडे आहे, इथे माणसं पितात, असं ती त्याला सुनावते. पुढे ती त्याच्या थोबाडीत देते आणि मिरची कांडण्याच्या कारखान्यात आसरा घेते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ फाटक लावून घेतो आणि सुभेदार गावाकडे सोनबाईची मागणी करतो.

साऱ्याचा आकडा या सिनेमात महत्त्वाचा नाही. तरी सारा कसा चालतो, हे त्याच्याइतकं नेमकं फार थोड्या चित्रपटांनी दाखवलंय. जुन्या व्यवस्थेत मागणी गावावर यायची आणि ती कुणाच्या अंगावर किती घालायची हे गावातली वजनदार मंडळी ठरवायची. सुभेदार सोनबाईला मागतो तेव्हा हेच घडतं. मुखी पंचायत बोलावतो. पुरुष बसतात, हिशेब करतात. एक बाई दिली तर गाव वाचतं. ती आपल्या घरातली नाही, तिचा नवरा गावात नाही, मग द्यायला हरकत काय? गांधींना मानणारा मास्तर विरोध करतो, तर त्यालाच मार खावा लागतो. मागणी वरून येते, पण तिचा बोजा सगळ्यात दुबळ्याच्या खांद्यावर ठेवण्याचं काम गाव स्वतः करतं. शेवटी बायका मिरचीची पूड सुभेदाराच्या डोळ्यांत फेकतात आणि हातात विळा घेतलेल्या सोनबाईवर चित्र थांबतं. हा शेवट टाळ्यांचा आहेच. पण मला त्याहून जास्त टोचते ती पंचायत. तिथे आपण बसलेलो असतो.

स्वातंत्र्यानंतर पडदा उलटला. सरकार आपलं झालं, तेव्हा कर मागणारा परका राहिला नाही आणि कर चुकवणारा खलनायक झाला. सत्तरच्या दशकात आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. काळा पैसा हा शब्द घराघरांत पोचला आणि हिंदी सिनेमातल्या शेठजींच्या भिंतीत तिजोरी आली. राजकुमार गुप्तांच्या 'रेड'मध्ये (२०१८) हे रूप पूर्णत्वाला गेलं. काळ १९८१, जागा उत्तर प्रदेश. अजय देवगणच्या अमय पटनायकच्या नावावर ४९ बदल्या आहेत. सौरभ शुक्लाचा 'ताऊजी' आपल्या वाड्यात, आपल्या माणसांत बसलेला. अधिकारी छत फोडतात, भिंती फोडतात आणि सोनं बाहेर पडू लागतं. प्रेक्षागृहात तोच आनंद असतो जो 'लगान'च्या षटकाराला होता. फरक इतकाच, की या वेळी आपण वसूल करणाऱ्याच्या बाजूने आहोत.

'रेड' प्रामाणिकपणे बनवलेला सिनेमा आहे. ताऊजीच्या घरातली भांडणं, म्हाताऱ्या आईचे टोमणे, दिल्लीत दारोदार फिरणारा सत्ताधीश, हे सगळं त्यात नीट जमलंय. पण इथेही कर नाहीच, धाड आहे. सापडलेलं सोनं म्हणजे वसूल झालेला कर नव्हे. धाडीनंतर आकारणी होते, हरकती येतात, अपिलं चालतात, त्यात वर्षं जातात. सिनेमा त्या आधी संपतो. नायक पुढच्या बदलीवर जातो. पुढे 'रेड २'मध्ये (२०२५) नवा वाडा, नवा 'दादाभाई' (तो आपला रितेश देशमुख) आणि पुन्हा तीच धाड. करदात्यांच्या देशातल्या या गोष्टीत एकही साधा करदाता नाही. एक तर अगदी स्वच्छ अधिकारी, नाहीतर भिंतीत सोनं दडवणारा माणूस. तुम्ही-आम्ही दोघांपैकी कुणीच नाही, त्यामुळे तीन तास निश्चिंत बसता येतं.

ती निश्चिंती थोडी हलवली नीरज पांडेंच्या 'स्पेशल २६'ने (२०१३). १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानावर खोटा छापा पडला होता. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन जमवलेल्या २६ उमेदवारांना आपण खऱ्या कामावर आलोय असंच वाटत होतं. त्या घटनेवरून सुचलेल्या या सिनेमात ठग कधी सीबीआयचे, कधी आयकराचे अधिकारी बनून लुटतात आणि लुटलेले लोक तक्रार करत नाहीत, कारण गेलेला पैसा मुळात दाखवलेलाच नव्हता. खऱ्या छाप्यात आणि खोट्या छाप्यात दारावरची थाप सारखीच असते, हे इथे हसत हसत सांगून टाकलंय.

मग कराच्या रोजच्या रूपावर सिनेमा होऊच शकत नाही का? होतो, आणि तो जपानमध्ये झाला, तोही १९८७ मध्येच. जुझो इतामी यांच्या 'मारुसा नो ओन्ना' या चित्रपटाची नायिका र्‍योको इताकुरा ही करखात्यातली तपासनीस आहे. नोबुको मियामोतोने ती रंगवली आहे : चेहऱ्यावर वांग, कापलेले केस, एकटीने मूल वाढवणारी. सिनेमा मोठ्या माशाकडे जातोच. त्याचं नाव गोंदो, तासांवर खोल्या देणाऱ्या हॉटेलांचा मालक. पण त्याआधी इतामी आपल्याला एका म्हातारा-म्हातारीच्या किराणा दुकानात नेतात. दुकानातलाच माल ते घरी जेवायला वापरतात. तोही विक्रीत धरायला हवा, असं र्‍योको त्यांना सांगते. नियमाने ती बरोबर आहे, तरी आपल्याला तिचा राग येतो. नंतर पाचिंको जुगारखान्याचा मालक तिच्यासमोर ढसाढसा रडून दाखवतो आणि आपल्याला हसू येतं. दोन्हीकडे वही तीच, नियम तोच. आपली सहानुभूती कुठे जाते आणि का, हे बघायला दिग्दर्शक आपल्याला मोकळं सोडतो.

गोंदोचं तत्त्वज्ञानही ऐकण्यासारखं आहे. पेल्यात थेंब थेंब पाणी पडत असेल तर अर्ध्यावर पिऊ नये, भरल्यावरही पिऊ नये. भरून वाहू लागलं की जे ओघळेल तेवढंच चाटावं, असं तो श्रीमंतीचं गुपित सांगतो. हा माणूस राक्षस नाही, तहान दाबून जगणारा कंजूष आहे. शेवटी तो र्‍योकोच्या रुमालावर स्वतःच्या रक्ताने खात्याची खूण लिहून देतो. कर देण्याघेण्यात किती लाज, किती ओढ, किती हट्ट असू शकतो, ते या प्रसंगात दिसतं. भिंत फोडून हे सापडलं नसतं.

'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' (२०२२) या गाजलेल्या अमेरिकी सिनेमात कपडे धुण्याचं दुकान चालवणारी एव्हलिन पावत्यांच्या ढिगाखाली सापडली आहे आणि समोर जेमी ली कर्टिसची करअधिकारी. अनेक विश्वांत उड्या मारून झाल्यावर हे कुटुंब शेवटी पोचतं ते पुन्हा त्याच करकचेरीत, त्याच बाईसमोर, दुरुस्त केलेले कागद घेऊन. माफी नाही, धाड नाही. दुसरी खेप आहे. आजोबांना हा शेवट पटला असता.

हे सगळं लिहायचं कारण फक्त सिनेमाचं नाही. कराबद्दल आपल्या मनात दोनच चित्रं आहेत, माफी आणि धाड, आणि ती आपल्याला बऱ्याच अंशी पडद्याने दिली आहेत. जो कर पडद्यावर कधी दिसला नाही, तो तर थिएटरच्याच खिडकीवर घेतला जात होता. २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत तिकिटात करमणूक कर असायचा. पोस्टरवर 'करमुक्त' अशी पट्टी आली की गर्दी वाढायची. महाराष्ट्रात तो वसूल करण्याचं काम महसूल खात्याकडेच होतं आणि मराठी चित्रपटांना त्यातला वाटा परत देण्याची योजनाही याच राज्याने चालवली. म्हणजे कराचे पैसे कुठे जातात याची एक गोष्ट खुद्द मराठी सिनेमाच्या घरात होती. ती कुणी सांगितलेली मला माहीत नाही.

आजोबा सांगायचे, की साऱ्याची रक्कम पुढे पुढे किरकोळ झाली, पण आणेवारी लावायची वेळ आली की झोप उडायची. पीक पन्नास पैशांच्या वर धरायचं की खाली, यावर गावाला सवलत मिळणार की नाही ते ठरायचं. वर धरलं तर गाव तोंड फिरवणार, खाली धरलं तर साहेब विचारणार. घोडा नाही, चाबूक नाही. बांधावर उभा सायकलवाला माणूस आणि समोर ओळखीचे चेहरे.

परवा एका दुकानात मिक्सर घेतला. दुकानदाराने हळूच विचारलं, "बिल पक्कं हवं का? नसेल तर कमी करतो." मी क्षणभर थांबलो. अमय पटनायकला टाळ्या मी वाजवल्या होत्या आणि भुवनलाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, दोघंही माझ्या उत्तराची वाट पाहत होती.