‘स्वमग्नता’ या संज्ञेतील दोष

‘ऑटिझम’साठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. ब्लॉयलर यांनी १९११ च्या ग्रंथात योजिलेली मूळ संज्ञाही ग्रीकमधील ‘स्व’वाचक शब्दापासूनच साधिलेली असल्याने पूर्वपदाविषयी तक्रार नाही. दोष आहे तो ‘मग्न’ या पदात. मग्न म्हटले की मराठी वाचकास भजनात रमलेला, तृप्त मनुष्य आठवतो. मग पंधरा वर्षांचा मुलगा संतापून स्वतःचाच हात चावतो, तेव्हा त्या वैफल्यास ‘हट्ट’ हे नाव मिळते. वस्तुतः तो त्या क्षणी मग्न नसतोच. बाहेरचे जग त्याच्यावर चालून आलेले असते. वरातीतील बँड इतरांस करमणूक, त्यास मारा. आवाज, स्पर्श, प्रकाश यांविषयीच्या अतितीव्र वा अतिमंद संवेदनेस अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने २०१३ साली लक्षणांत स्थान दिले. मराठी संज्ञेत तिची खूण नाही.

वयात येताना गरजा वाढतात, शब्द पुष्कळदा तेवढेच राहतात. गोंदियालगतच्या कुडव्यात घरी पोवारी वा झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी. तेथे अशा मुलाचा मोजका घरगुती शब्द शिक्षकास उमगेलच असे नाही. दाढ दुखत असली तरी दिसते ती चिडचिडच. अमेरिकेत २००६ साली या चिडचिडीवर रिस्पेरिडोन हे औषध मान्य झाले. ते चिडचिड शमविते. दाढ तशीच दुखत राहते.