शिवडीचे रोहित आणि क्रॉपची कात्री

पक्ष्याचे छायाचित्र तपासताना विद्यार्थी बहुधा डोळा तीक्ष्ण आहे का, पिसे वेगवेगळी दिसतात का, एवढेच पाहतात. या टिपणात माझ्याच एका छायाचित्राचे परीक्षण करू. टीका करायला संकोच नको.

मुंबईत शिवडीच्या जेट्टीवरून २०१४ साली, भरती ओसरताना ते टिपले. मूळ चौकटीत चोच उलटी बुडवून शेवाळ गाळून खाणारे लहान जातीचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, डावीकडे तिवरे आणि मागे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या चिमण्या होत्या. चिमण्या मला डाग वाटल्या. एक पक्षी ठेवून बाकी सगळे कापले.

आधी तांत्रिक हिशेब. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी एक-तृतीयांश केली की २००० बाय १३३३ उरतात, म्हणजे २४० लाखांपैकी सुमारे २७ लाख. इंचाला ३०० पिक्सेल धरून छापले तर रुंदी पावणेसात इंचही भरत नाही. हा तोटा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचीच चर्चा होते.

दुसरा तोटा मोठा आहे. कापलेल्या चित्रातला रोहित कच्छच्या रणातला, अगदी प्राणिसंग्रहालयातलाही असू शकतो. त्याचा गुलाबी रंग शेवाळातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो, आणि ते शेवाळ त्याला इथे, कारखान्यांच्या शेजारच्या चिखलात मिळते. हे सांगणारे सगळेच मी काढून टाकले. चित्र देखणे झाले आणि, माझ्या मते, खोटे झाले.

म्हणून पक्षी ठिपक्याएवढा ठेवावा असे नाही. तसल्या चित्रांचाही मला कंटाळा आहे. तिवरे नुसता धूसर हिरवा पडदा झाली तर ती सजावट होतात. ती ओळखू यावीत म्हणून एफ/४ ऐवजी एफ/११ घ्यावे, आयएसओ वाढला तरी चालेल. पक्षी चालतो त्या बाजूला चिखल मोकळा सोडावा. कोपऱ्यात आलेली विजेची तार खुशाल कापा. पण थरच्या वाळवंटातल्या माळढोकांचे बळी अशाच तारांना धडकून जातात, तिथे तार चौकटीत हवीच.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. पुलाआधीचे क्षितिज माझ्या मूळ चौकटीत होते. डिस्कवर जागा व्हावी म्हणून ती फाइल मी पुसली. उरलेल्या प्रतीत एक डोळा, एक वाकडी चोच आणि मागे सपाट राखाडी रंग आहे.