पाथरीचा मूळपुरुष आणि फेरिस्ताची लेखणी : मलिक हसन बहरीच्या चरित्राची चिकित्सा

उस्मानी साम्राज्याचा वजीर-ए-आझम सोकोल्लू मेहमेद पाशा हा बोस्नियातील एका ख्रिस्ती सर्ब कुटुंबातून लहानपणी उचलला गेला, राजवाड्यात शिकला आणि 1565 ते 1579 या काळात तीन सुलतानांचा प्रमुख मंत्री राहिला. सुलतान सुलेमानच्या मृत्यूची वार्ता 1566 मध्ये सिगेटवारच्या वेढ्यात लपवून ठेवून त्याने सैन्य एकसंध राखले. अखेर मारेकऱ्याच्या सुऱ्याने त्याचा अंत झाला. त्याच्या घराण्याचे नाव ‘सोकोल’ म्हणजे ससाणा या शब्दावरून आलेले आहे. या चरित्राचा मराठी प्रतिरूप शोधावयाचा झाल्यास परभणी जिल्ह्यातील पाथरीपर्यंत यावे लागते. निजामशाहीच्या संस्थापकाचा पिता मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी याचे कूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांचे होते, असे फेरिस्ता सांगतो. ‘बहरी’ या उपपदाचा संबंधही बहिरी ससाण्याशी जोडला जातो.

प्रस्तुत लेखात या कथेच्या विश्वसनीयतेचा विचार करावयाचा आहे. आपल्याकडे ही कथा एक तर अभिमानाने सांगितली जाते, किंवा खंत व्यक्त करीत. दोन्ही प्रकारांत तिचा आधार तपासला जात नाही.

फेरिस्ताच्या वृत्तान्तानुसार पाथरीचा एक कुलकर्णी स्वदेश सोडून विजयनगरच्या राज्यात गेला. त्याच्या वंशातील भैरूचा पुत्र तिमापा हा अहमदशहा बहमनीच्या (1422-1436) सैन्याच्या हाती लागला. धर्मांतरानंतर मलिक हसन हे नाव मिळालेल्या या मुलाने राजपुत्रासमवेत फार्सीचे शिक्षण घेतले. राजपुत्राला ‘भैरू’ म्हणता येईना, म्हणून ‘बहरी’ झाले, अशी व्युत्पत्तीही फेरिस्ता देतो. व्युत्पत्ती म्हणून ती रंजक आहे. पुरावा म्हणून तिला फारसे मोल नाही.

मुख्य प्रश्न लेखकाच्या भूमिकेचा आहे. फेरिस्ता प्रथम अहमदनगरच्या दरबारी होता. 1589 मध्ये तो विजापुरास गेला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. तेव्हा मलिक हसनला मरून शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती. याच ग्रंथात आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादचा पुत्र ठरतो. म्हणजे आश्रयदात्याच्या मूळपुरुषाला उस्मानी राजरक्त, तर प्रतिस्पर्ध्याच्या मूळपुरुषाला युद्धकैद्याची गुलामी! ही वाटणी योगायोगाची वाटत नाही. याउलट अहमदनगरच्या आश्रयाने लिहिलेला ‘बुरहान-ए-मआसिर’ निजामशाही घराण्याचे नाते थेट बहमनी राजवंशाशी जोडतो. ज्याचे मीठ खावे त्याची वंशावळ उजळावी, हा दरबारी इतिहासलेखनाचा प्रघातच होता.

तरीही पाथरीचा धागा सहजासहजी तुटत नाही. बुरहान निजामशहाच्या काळात अहमदनगरने वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितली आणि मोबदल्यात दुसरा अधिक उत्पन्नाचा परगणा देऊ केला. नकार मिळताच 1518 मध्ये पाथरी जिंकून घेतली. पुढे ती हातची गेली, तेव्हा 1527 मध्ये पुन्हा घेतली. केवळ महसूल हवा असता, तर अधिक उत्पन्नाचा मुलूख देऊन कमी उत्पन्नाचा का मागावा? गोदावरीच्या उत्तरेकडील या सरहद्दीच्या ठाण्याचे लष्करी महत्त्व नाकारता येत नाही. परंतु त्याने मागणीचे समाधानकारक स्पष्टीकरण होते, असेही म्हणता येत नाही. वयाच्या सातव्या वर्षी गादीवर आलेला बुरहान 1518 मध्ये पंधरा-सोळा वर्षांचाच होता. म्हणून ही पूर्वजांच्या गावाची ओढ त्या मुलाची एकट्याची नसून पेशवा मुकम्मलखान दखनी याच्या राजकारणाचाही तीत वाटा असावा, असे आमचे मत आहे. विशेष म्हणजे प्रतिपक्षी इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरच्या हिंदू कुळातून आलेला होता. तेव्हा या लढ्याला धर्माच्या चौकटीत बसविणे निरर्थक ठरते.

मलिक हसनच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना महमूद गावानची हत्या आड येते, आणि ती यावीच. गावानने बहमनी राज्याचे चार तरफ मोडून आठ केले. त्यात मलिक हसनच्या ताब्यातील तेलंगणाचीही विभागणी झाली. नंतर गावानच्या शिक्क्याचे ओरिसाच्या राजाला लिहिलेले बनावट पत्र पुढे आले आणि 5 एप्रिल 1481 रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. या कारस्थानामागे मलिक हसन होता, हा आरोप फेटाळण्याजोगा नाही. मात्र ज्या बखरकारांनी तो केला, त्यांपैकी बहुतेक इराणी वंशाचे, म्हणजे आफाकी पक्षाचे होते, याचे भान आपली पाठ्यपुस्तके ठेवीत नाहीत. तेथे गावान सद्गुणांचा पुतळा आणि दखनी पक्ष केवळ मत्सरी. दखनी सरदारांना परदेशी सरदारांच्या वर्चस्वाविषयी वाटणारी धास्ती ही खरी राजकीय समस्या होती. तिचे उत्तर मलिक हसनने खुनाने दिले, हा त्याचा दोष. 1482 नंतर अल्पवयीन महमूदशहाच्या नावे त्याने राज्य चालविले खरे. परंतु राज्याचा ऱ्हास त्याला रोखता आला नाही, आणि 1486 मध्ये बिदर येथे तोही मारला गेला.

सोकोल्लूशी असलेले साम्य येथे मर्यादित होते. उस्मानी राज्यात मुले घेण्याची ‘देवशिर्मे’ ही नियमबद्ध संस्था होती. दख्खनमध्ये युद्धातील कैद आणि एखाद्या सुलतानाची मर्जी एवढाच मार्ग होता. म्हणून सोकोल्लूच्या पश्चात साम्राज्य टिकले, तर मलिक हसनचा पुत्र अहमद याने जुन्नरला 1490 मध्ये स्वतंत्र सत्ता उभारली. सोडून आलेल्या कुळाचे स्मरण मात्र दोन्हीकडे दिसते. सोकोल्लूच्या काळात, 1557 मध्ये, पेचचे सर्ब धर्मपीठ पुन्हा स्थापन होऊन त्याचा आप्त मकारिये धर्मगुरू झाला. पुढे विशेग्राडला द्रिना नदीवर त्याने सिनानकरवी पूल बांधविला. निजामशाहीने पाथरी परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिला आणि अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे राहिला, असे फेरिस्ता नोंदवितो. 1596 मध्ये चांदबिबीच्या तहाने वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि ‘आइन-ए-अकबरी’त पाथरी वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून आली.